एकच प्रथिन, एकच भोक: 'वाचलं' म्हणजे नक्की काय?

तंतुवाद्य | मंगळवार, रात्री १०:४२

मागच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी बातमी टाकली: 'आता एआय वाचणार शरीरातलं प्रत्येक प्रथिन!' खाली तीन अंगठे, दोन नमस्कार आणि मामांचा मला थेट सवाल, "तुझं काम हेच ना रे?"

हेच नाही, पण शेजारच्या गल्लीतलं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत डीएनएच्या नॅनोपोअर सिग्नलवर काम करतो. प्रथिनांवरचं हौसेनं वाचतो. मामांना उत्तर लिहायला बसलो, ते तीन स्क्रीन भरून वाहू लागलं, म्हटलं धागाच काढावा.

आधी भोक म्हणजे काय ते. लेंग्याची नाडी निघून आली की आई तिला सेफ्टी पिन लावायची आणि नेफ्यातून सरकवत न्यायची. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण चिमटीला सगळं कळतं. इथे शिवण आली, इथे पीळ पडला, ही गाठ. नॅनोपोअरमध्ये चिमटीच्या जागी वीज असते. खारट पाण्याचे दोन कप्पे, मध्ये पातळ पटल, पटलात एकच भोक. व्होल्टेज लावलं की भोकातून आयन वाहू लागतात. प्रवाह किती? शंभरेक पिकोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक. या भोकात रेणूची माळ शिरली की आयनांची वाट अडते आणि प्रवाह पडतो. जाड मण्याला जास्त, बारीक मण्याला कमी. मण्यावरच्या विद्युतभारानंही फरक पडतो, पण ढोबळमानानं हेच.

भोक बहुतेक वेळा जिवाणूंकडून उसनं आणलेलं असतं. सगळ्यात जुनं आणि प्रसिद्ध म्हणजे अल्फा-हिमोलायसिन. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आपल्या पेशींना भोकं पाडायला ते वापरतो. सात सारखे तुकडे गोल बसतात आणि सगळ्यात चिंचोळ्या जागी रुंदी सुमारे १.४ नॅनोमीटर. शत्रूचंच हत्यार घेऊन आपण नाडी ओवतोय.

डेव्हिड डीमर या शास्त्रज्ञांनी ही कल्पना १९८९ मध्ये वहीत चितारून ठेवली होती. १९९६ मध्ये कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी डीएनए-आरएनएचा धागा खरंच भोकातून जातो हे दाखवलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं एकाच त्रासात गेली: धागा भलताच वेगानं जातो. एकेक अक्षर काही मायक्रोसेकंदांत पसार. २०१२ च्या सुमारास तोडगा जमला. धाग्यावर एक एन्झाइम बसवायचं, ते भोकाच्या तोंडाशी अडतं आणि धागा पायरी-पायरीनं सोडतं. २०१४ पासून ऑक्सफर्ड नॅनोपोअरचं मिनआयन हे मुठीत मावणारं यंत्र संशोधकांच्या हातात आलं. आता सेकंदाला चारशेच्या आसपास अक्षरं सरकतात.

यात मशीन लर्निंग कुठे येतं? भोकाच्या चिंचोळ्या भागात एका वेळी एक अक्षर नसतं, पाच-सहा असतात. प्रवाह त्या सगळ्यांचा मिळून. चार अक्षरांचे पाच-पाचचे गट १,०२४ होतात आणि त्यांचे प्रवाह एकमेकांच्या अंगावर पडलेले. त्यात एन्झाइम कधी थबकतं, कधी एक पायरी मागे येतं. प्रवाहाच्या या नागमोडी रेघेतून अक्षरं काढायला आधी हिडन मार्कोव्ह नावाची संख्याशास्त्रीय मॉडेल होती, मग न्यूरल नेटवर्क आली. फरक केवढा पडला? आमच्याकडची जुनी फाइल, तीच रेघ, नव्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढली तर चुका डोळ्यांदेखत कमी होतात. नमुना तोच, यंत्र तेच, ऐकणारा कान बदलला.

आता प्रथिन. इथली अक्षरं, म्हणजे माळेतले मणी, ही अमिनो आम्लं. ती चार नाहीत, वीस. पाचचे गट मोजा: ३२ लाख. डीएनएच्या प्रत्येक मण्यावर ऋण भार असतो, त्यामुळे व्होल्टेज लावलं की तो मुकाट ओढला जातो. प्रथिनाचा एक मणी धन, पुढचा ऋण, पुढचे चार कशातच नाहीत. ओढणार कसं? शिवाय प्रथिन माळेसारखं सरळ नसतंच, गुंडाळी करून बसलेलं असतं. आणि धाग्यावर पकड ठेवून चालणारं तयार एन्झाइम डीएनएसाठी निसर्गात ढिगानं मिळतं, प्रथिनासाठी मोजकीच.

तरीही लोकांनी केलंय, ते कसं ते सांगतो.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटानं २०२१ मध्ये युक्ती केली. छोट्या प्रथिन-तुकड्याला डीएनएची शेपटी जोडली आणि डीएनएवर चालणारं हेल३०८ हे हेलिकेज जातीचं एन्झाइम वापरलं. ते डीएनए ओढतं, मागोमाग प्रथिन भोकातून फरफटत येतं. त्याची पायरी सुमारे ०.३३ नॅनोमीटरची, एका अमिनो आम्लाच्या लांबीच्या जवळपास. नशीब म्हणायचं. माळेत एका जागचा मणी बदलला तर रेघ बदलते हे त्यांनी दाखवलं. गंमत पुढे आहे. एकामागे एक हेलिकेजं रांगेत उभी असतात. पहिलं सुटलं की माळ घसरून परत खाली जाते आणि दुसरं तीच माळ पुन्हा ओढतं. तोच रेणू, पुन:पुन्हा. एकदा ऐकलेलं शंकास्पद, पण वीस-तीसदा ऐकलं की तीन पर्यायांतला कोणता ते सांगण्यातली चूक दहा लाखांत एकाच्याही खाली गेली. मर्यादा ही की हेलिकेज डीएनएवर चालतं, त्यामुळे वाचता येतात पंचविसेक अमिनो आम्लं. पुढे दोरी संपते.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं २०२४ मध्ये दुसरा मार्ग दाखवला. क्लिपएक्स नावाचं जिवाणूंतलं यंत्र आहे. त्याचं मूळ काम नको असलेली प्रथिनं ओढून, उलगडून मोडीत काढायला पाठवणं. त्यांनी आधी प्रथिन विजेनं भोकात ओढून घेतलं, मग क्लिपएक्सकडून ते उलट वर खेचलं. हा गडी खुद्द प्रथिनावर चालतो, म्हणून शेकडो अमिनो आम्लांची लांब माळ चालते. तेही बाजारात मिळणाऱ्या मिनआयनवर. मला सगळ्यात आवडलेलं काम हेच.

आणि नानजिंगच्या गटानं भोकाच्या आत निकेलचा अणू धरून ठेवला. सुटं अमिनो आम्ल येतं, निकेलला चिकटतं, सुटतं. त्या क्षणाच्या रेघेवरून मशीन लर्निंग वीसच्या वीस अमिनो आम्लं ओळखतं, अचूकता ९८.८ टक्के. मामांच्या बातमीचा उगम बहुधा असल्या आकड्यात.

पण ही सुटी अमिनो आम्लं आहेत! माळ नाही. माझं म्हणणं एवढंच की 'ओळखणं' आणि 'वाचणं' वेगळं. जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं ते घरातला माणूस बरोबर ओळखतो. पण अनोळखी पाहुणा चढू लागला तर? घरातल्याच कुणाचं तरी नाव घेतो. आजची बहुतेक मॉडेलं अशी आहेत: ठरलेल्या यादीतलं कोणतं ते सांगतात. कधीच न पाहिलेली माळ पहिल्या मण्यापासून शेवटच्यापर्यंत वाचणं हे अजून कुठल्याही भोकानं केलेलं नाही.

---

अळूवडी | मंगळवार, रात्री ११:१५

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). नाडीवर दंडवत _/\_

बाळबोध प्रश्न: जनुक वाचलं की प्रथिन कळलंच ना? मग माळ वेगळी कशाला वाचायची?

---

तंतुवाद्य | मंगळवार, रात्री ११:३१

बाळबोध अजिबात नाही. इन्सुलिन घ्या. जनुक सांगतं ११० अमिनो आम्लांची माळ करा. पेशी पुढचा तुकडा छाटते, राहतात ८६. मग मधला भाग कापते आणि कामाचं इन्सुलिन उरतं ५१ चं. कापलेला मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड, घरात मधुमेह असेल तर त्याची तपासणी ऐकली असेल. जनुक बघून हे छाटकाम झालं की नाही, किती झालं, कळत नाही. त्यावर पेशी मण्यांना फॉस्फेट लावते, साखरेची झुंबरं टांगते. प्रथिन चालू की बंद हे बऱ्याचदा त्या फॉस्फेटवर ठरतं. जनुक म्हणजे शिंप्याकडे दिलेलं माप. अंगात घातलेला सदरा नव्हे.

---

कोडगा | बुधवार, सकाळी ७:०५

हे सगळं अल्फाफोल्डनं सोडवलं ना? नोबेलपण मिळालं.

---

तंतुवाद्य | बुधवार, सकाळी ८:२०

ते उलटं काम. माळ माहीत असेल तर गुंडाळी कशी होईल हे अल्फाफोल्ड सांगतं (नोबेल २०२४, रसायनशास्त्र). इथे समोरच्या थेंबात कोणती माळ आहे हेच माहीत नाही.

---

स्पेक्ट्रमवाला | बुधवार, सकाळी ९:४८

लेख चांगला, पण मास स्पेक्ट्रोमीटर आम्ही काय पापड भाजायला ठेवलेत का? गेली वीस वर्षं याच यंत्रावर बसतो. प्रथिन ट्रिप्सिननं कापायचं (लायसिन आणि आर्जिनिन या दोन मण्यांच्या पुढे कापतं, अगदी शिस्तीत), तुकडे वजनावरून ओळखायचे. एका नमुन्यात हजारो प्रथिनं, एका दुपारी. तुमचं भोक एका माळेला घोळत बसणार.

मान्य करतो: ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वजन तंतोतंत सारखं, तिथे आमची पंचाईत होते. आणि एका रेणूवर आमचं भागत नाही, लाखो सारखे लागतात.

पण खरा प्रश्न दुसराच. रक्तातल्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, निम्म्याहून जास्त प्रथिन एकटं अल्ब्युमिन. आणि ज्या सायटोकाइनसाठी (पेशींमधला निरोप नेणारं छोटं प्रथिन) डॉक्टर अडून बसलेत ते त्याच्या हजार कोटी पटींनी कमी. तुमचं भोक एकेक रेणू उचलून वाचणार ना? मग वाचत बसा: अल्ब्युमिन, अल्ब्युमिन, अल्ब्युमिन. नारायण नारायण.

---

तंतुवाद्य | बुधवार, दुपारी १:१०

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे.

अल्ब्युमिनचा मुद्दा बिनतोड. भोक कितीही हुशार झालं तरी नमुन्यातलं प्रमाण ते बदलू शकत नाही. अल्ब्युमिन आधी गाळून टाकायचं किंवा हवं तेच पकडून आणायचं, म्हणजे पुन्हा तुमच्याच दारात. डीएनएमध्ये दोन पळवाटा आहेत. एक, पीसीआरनं एकाचे कोटी करता येतात, प्रथिनाची झेरॉक्स निघत नाही. दुसरी, सुरुवातीची रेघ बघून नको असलेला धागा व्होल्टेज उलटं करून बाहेर थुंकता येतो. ही दुसरी प्रथिनाला लावता येईल, पण रोज करोडोंनी अल्ब्युमिन थुंकत बसावं लागेल.

ल्युसिन-आयसोल्युसिनबाबत मात्र भोकाला गुण द्या. वजन सारखं असलं तरी अंगकाठी वेगळी, आणि भोक वजन बघतच नाही. नानजिंगवाल्यांच्या वीसांत ही दोन्ही वेगळी निघतात.

---

नागपुरी संत्रं | बुधवार, रात्री ९:०२

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. आमच्या इकडे सिकलसेल रोजचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एक मणी बदलला आणि माणूस आयुष्यभर दुखण्याच्या झटक्यांत. तुमचा एक मणी वाला प्रयोग वाचून तेच आठवलं. गडचिरोली, नंदुरबारकडच्या गावांत असं छोटं यंत्र नेता येईल का?

---

तंतुवाद्य | बुधवार, रात्री १०:२५

ताई, उदाहरण इतकं चपखल की लेखात मीच द्यायला हवं होतं. इंग्रॅम यांनी १९५० च्या दशकात हाच मणी शोधला तो कागदावर डाग पाडून: प्रथिन ट्रिप्सिननं कापलं, तुकडे कागदावर पसरवले, एक डाग सरकलेला दिसला. ग्लुटामिकवर ऋण भार, व्हॅलिनवर काही नाही, म्हणून डाग सरकला. भोकातही तो फरक उठून दिसावा.

पण प्रामाणिक उत्तर: गरज नाही. सॉल्युबिलिटी टेस्ट, इलेक्ट्रोफोरेसिस, एचपीएलसी हे तुमच्याकडे आहेच, स्वस्त आहे आणि चालतं. कुठला मणी बदललाय ते आधीच माहीत असेल तर अख्खी माळ वाचण्याचा खटाटोप कशाला?

---

नागपुरी संत्रं | बुधवार, रात्री १०:४०

हे ऐकून बरं वाटलं. नाहीतर दर वर्षी कोणीतरी नवीन यंत्र विकायला येतंच. आमची अडचण यंत्राची नाहीच, पेशंट दुसऱ्यांदा येत नाही ही आहे.

---

भ्रमर | गुरुवार, सकाळी १०:३३

गुंडाळी उलगडायची कशी ते राहिलं. युरिया घालतात का? भारतात कोणी करतंय का?

---

तंतुवाद्य | गुरुवार, सकाळी ११:०२

युरिया चालतो. त्याहून मजेशीर म्हणजे ग्वानिडिनियमचं मीठ. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या वानूनूंच्या गटानं २०२३ मध्ये दाखवलं की ते प्रथिन तर उलगडतंच, वर त्याचे धन आयन भोकाच्या आतल्या भिंतीला चिकटतात. भिंत धन झाली की पाण्याचा लोंढा एका दिशेनं वाहू लागतो आणि माळ त्यात वाहत जाते. मग मण्यांवर भार असो नसो. फक्त या लोंढ्यात वेग जास्त, एकेक मणी सुटा ऐकू येत नाही. म्हणजे इथेही ओळखणंच.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोपोअरवर काम चालतं.

---

खवचट आजोबा | गुरुवार, दुपारी ४:१६

निवृत्त गणित मास्तर आहे, प्रथिनांतलं कळत नाही. पण ९८.८ ऐकलं की माझ्या भुवया वर जातात. तुमचं मशीन शिकलं की घोकलं, हे कसं ठरवता? माझ्या वर्गात एक मुलगा होता, उत्तरपत्रिकेचा रंग बघून सांगायचा कोणता संच आहे.

---

तंतुवाद्य | गुरुवार, रात्री ११:५०

आजोबा, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माझीच फजिती सांगतो.

काही काळापूर्वी मला दोन प्रकारचे डीएनए वेगळे ओळखायचे होते: साधा, आणि काही अक्षरांवर मिथाइल हा छोटा रासायनिक गट लावलेला. साधा सोमवारी चालवला, मिथाइलवाला मंगळवारी. न्यूरल नेटवर्क शिकवलं. बाजूला ठेवलेल्या धाग्यांवर तपासलं, अचूकता नव्वदीच्या बरीच वर. मी उड्या मारल्या. सगळ्या लॅबला भेळ. शेवटची पुडी संपवता संपवता आमच्यातली एक जण म्हणाली, "रिकाम्या भोकावर चालवून बघ की."

धागा शिरण्याआधी काही क्षण भोक मोकळं असतं, रेघ सपाट. मी फक्त ते सपाट तुकडे मॉडेलला दिले. त्यात डीएनएच नाही. मॉडेलनं गोंधळून अर्धं-अर्धं सांगायला हवं होतं. त्यानं जवळपास आधीइतक्याच ऐटीत सांगितलं: हा साधा, हा मिथाइलवाला.

ते मिथाइल ओळखतच नव्हतं. मंगळवार ओळखत होतं. मंगळवारी एसी बिघडला होता, खोली दोन-तीन अंशांनी गरम, गरम पाण्यात आयन जरा जोरात पळतात, मूळ प्रवाह किंचित वर. तुमच्या त्या पोरासारखं माझ्या नेटवर्कनंही कागदाचा रंग बघितला. त्या रात्री रिकाम्या भोकाचा आलेख स्क्रीनवर किती वेळ बघत बसलो होतो. सरळ रेघ, त्यावर बारीक थरथर, बाकी काही नाही.

तेव्हापासून माझा नियम: एका दिवशीची, एका भोकाची माहिती शिकायला घेतली तर तपासायला दुसरा दिवस, दुसरं भोक. आणि आधी रिकामं भोक. प्रथिनांवरचा कुठलाही नवा लेख आला की मी आकड्याकडे नंतर जातो, तपासणीचे रेणू कुठून आले ते आधी शोधतो. मॉडेलला 'माहीत नाही' म्हणायची मुभा आहे का, तेही बघतो. ती नसेल तर पाहुण्याला घरातलं नाव मिळणारच.

बरं, मॉडेल कितीही सुधारलं तरी हेलिकेज अडखळून दोन मणी एका उडीत गेले, तर त्या मण्याची रेघ जन्मलीच नाही. न झालेला आवाज कान कसा ऐकणार? म्हणून मला वाटतं पुढची मोठी उडी संगणकात नाही, ओढणाऱ्या गड्यात आहे.

---

खवचट आजोबा | शुक्रवार, सकाळी ६:१०

रिकाम्या भोकाची परीक्षा! छे, हे आधी सुचलं असतं तर मीही कोरे पेपर वाटले असते.

---

अळूवडी | शुक्रवार, सकाळी ९:२२

मंगळवार ओळखत होतं =)) ऑफिसात मोठ्यानं हसले. मामांना शेवटी काय उत्तर दिलंत?

---

तंतुवाद्य | शुक्रवार, सकाळी ९:५५

'शेजारच्या गल्लीतलं काम' एवढंच. त्यांनी लगेच विचारलं, मग त्या गल्लीतल्या कुणाची ओळख आहे का.

---

स्पेक्ट्रमवाला | पुढचा गुरुवार, सायंकाळी ६:४०

धागा वर काढतोय, माफी.

आमच्याकडे गेल्या वर्षी एका मुलानं आजारी आणि निरोगी नमुने वेगळे सांगणारं मॉडेल केलं होतं. मीच पाठ थोपटली होती. तुमचा प्रतिसाद डोक्यातून जाईना. दोन नमुन्यांच्या मध्ये आम्ही यंत्रात नुसतं द्रावक सोडतो, काही शिल्लक राहिलं असेल तर धुऊन निघावं म्हणून. त्या कोऱ्या फाइली काढल्या आणि मॉडेलला दिल्या.

निम्मं कोरं द्रावक आजारी निघालं.

पोरगा बिचारा घरी गेला. भेळ कुठून मागवता तुम्ही?

---

तंतुवाद्य | पुढचा गुरुवार, सायंकाळी ७:०३

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. कांदा जास्त सांगा.